साठाव्या मिनिटाला

ग्राम्श, ९ ऑक्टोबर २००३

दादा,

तुझा पत्ता आईकडून घेतला. कशाला हवाय म्हणून तिनं दोनदा विचारलं. म्हटलं, नव्या वर्षाचं कार्ड पाठवायचंय. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. पत्र निदान फाडायच्या आधी एकदा नजरेखालून जातं.

काल इथल्या क्लबनंही मला नारळ दिला. सीझन सुरू होऊन दीड महिना झालाय, संघाचे निम्मे गोल माझे आहेत, आणि तरीही मी घरी. तुला नवल वाटणार नाही कदाचित. तेच मला बघायचंय.

दर सामन्यात एकच प्रकार. साठावं मिनिट आलं की रेषेवर पाटी वर होते आणि तिच्यावर माझा नऊ नंबर. जिंकत असू तरी, हरत असू तरी. एकदा तर मी पेनल्टी घ्यायला चेंडू ठेवला होता आणि बाहेर बोलावलं. कॅफेत बसलो की मागून आवाज येतो, "काय इल्बेर, मीटर संपला वाटतं!" आणि सगळे हसतात. हसतात ते परवडलं. काही जण हसत नाहीत, नुसते बघतात. या देशात फॉरवर्डला कारण न सांगता बाहेर काढलं की लोक एकच अर्थ काढतात, यानं सामना विकलाय.

आमचे कोच प्रोफेसर झेचिर. त्यांना त्यांच्या घरी जाऊन गाठलं. म्हटलं, "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"चुकलं काही नाही रे."

"लोक म्हणतात मी सामने विकतो. तुम्हालाही तसंच वाटतं का?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "तू? तुला समोरचा गोल सोडून काही दिसत नाही, तू काय विकणार!"

"मग?"

"मला विचारू नकोस. मी बेसा दिलाय. दिलेला शब्द मोडून या वयात कुठं तोंड दाखवू?" मला सोडायला दारापर्यंत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात सरकवत छातीवर आणला. विचित्रच. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढंच सांगतो. एक फोन आला होता. परक्याचा नव्हता."

परक्याचा नव्हता, दादा. बुरेलला असंच झालं, कुकसला असंच, पर्मेतला तर चौथ्याच सामन्यानंतर. सुरुवातीला मिठ्या, पंधरवड्यानं नजर चुकवणं. मी समजत होतो माझं नशीबच फुटकं. आता कळलं, कुणीतरी माझ्या मागोमाग गावोगाव फिरतंय.

माझी घरची माणसं किती? आई, बायको मिर्येता आणि तू. पोरगी योनिदा सात वर्षांची आहे, ती काही कोचला फोन करणार नाही. त्यातल्या कुणाला माझा खेळ खुपत असेल, तूच सांग. तू पंचविसाव्या वर्षी बूट काढून ठेवलेस, ऐन भरात, सेमिफायनल तोंडावर असताना. कुणाला कारण सांगितलं नाहीस. एक्क्याण्णवला देश सोडणाऱ्यांच्या त्या गर्दीत बोटीवर चढलास आणि इटलीत बारीला गेलास. माझ्या लग्नाला आला नाहीस, पोरीचं तोंड बघितलं नाहीस. तुझं राहून गेलं म्हणून माझंही राहावं, असं तर नाही ना?

नसेल तर तसं लिही. दोन ओळी पुरतील.

इल्बेर

कुचोवा, ३ डिसेंबर २००३

दादा,

उत्तर आलं नाही. मागच्या पत्रात मी जास्तच तापलो होतो, तेव्हा ते जाऊ दे.

सध्या घरी आहे. सकाळी धावायला जातो, परत आलो की आई दारात उभी असते. मी जिना चढताना माझ्याकडे बघत राहते, जणू मी काहीतरी लपवून आणतोय. "काय झालं?" विचारलं की म्हणते, "काही नाही, ताक पी."

मिर्येताचं वेगळंच चाललंय. ती स्वयंपाकघरात फोनवर कुणाशी तरी खालच्या आवाजात बोलते आणि मी आत गेलो की "बरं बरं, नंतर" म्हणून ठेवते. परवा सरळच विचारलं, "कोण होतं?"

"बालवाडीतली मैत्रीण."

"तिच्याशी कुजबुजायला काय झालं?"

"तुला आजकाल भिंतीही कुजबुजताना दिसतात," म्हणाली. मग पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता, "इल्बेर, आता पुरे ना? तेहतीस वर्षांचा घोडा झालास. पोरीला वाटतं तिचा बाप बॅगेत राहतो."

तिला मी घरी हवा आहे. ते तिच्या तोंडावर लिहिलेलं आहे. मग फोन तीच करत असेल का? ज्या बाईबरोबर जेवायला बसतो तिच्याकडे असं चोरून बघायची वेळ आली.

तुला एक सांगतो, आणि फक्त तुलाच. नव्या वर्षात मी एर्सेकाच्या क्लबात चाललोय. बोलणं झालंय. डोंगरातलं गाव, थंडी मरणाची, पण त्यांना फॉरवर्ड हवाय. घरात अजून कुणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस.

इल्बेर

पोग्राडेत्स, १८ जानेवारी २००४

दादा,

एर्सेकाला मी कधीच जाणार नव्हतो.

मी पोग्राडेत्सला आहे, तळ्याकाठी, आणि हे घरात अजून कुणालाही ठाऊक नाही. तुला एर्सेका सांगितलं, मिर्येताला पुका सांगितलं, आईला सारांदा. तिघांना तीन गावं. आयुष्यभर भटकण्याचा एवढाच फायदा की गावोगावी जुने सोबती आहेत. त्या तिन्ही ठिकाणच्या सोबत्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्याबद्दल क्लबात फोन आला तर मला कळवा. म्हटलं, ज्या गावात घंटी वाजेल त्या गावाचा माणूस चोर.

एर्सेकाला वाजली नाही. पुकाला वाजली नाही.

सारांद्याला आमचा जुना गोलकीपर लेफ्तेर आहे, आता पोरांना शिकवतो. गेल्या मंगळवारी त्याचा फोन आला. "इल्बेर, तुझा चोर सापडला. पण ऐकून तुला आवडायचं नाही."

"पुरुष की बाई?"

"बाई. म्हातारी. मी इल्बेरची आई बोलतेय म्हणाली. लपवाछपवी काहीच नाही. आमच्या कोचला मागितलं. तो दार लावून बराच वेळ बोलत होता."

"काय बोलली ती?"

"मी काय दाराला कान लावून होतो? बाहेर आला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. मी विचारलं तर म्हणाला, बेसा दिलाय. आणि मला म्हणाला, तो पोरगा आला नाही तर देवाची कृपा."

आई, दादा. आपली आई. जिला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नाही, जिनं आपल्या दोघांचा एकही सामना कधी पाहिला नाही.

तुझ्यावर आळ घेतला तो परत घेतो. पण सुटलास असं समजू नकोस. आईनं हे कुणाच्या तरी सांगण्यावरून केलं असणार. तिच्याशी दर रविवारी कोण बोलतं? तूच. माझ्याबद्दल तुमच्या दोघांत काय ठरलंय? मी कसली घाण केली आहे की माझ्या आईनं माझ्या पाठीमागं ती अनोळखी पुरुषांना सांगावी आणि त्यांनी तोंड पांढरं करून शपथा घ्याव्यात?

या शनिवारी कुचोव्याला जातोय. तिला तोंडावर विचारणार आहे.

इल्बेर

कुचोवा, २६ जानेवारी २००४

दादा,

तुला सगळं माहीत होतं. एवढी वर्षं.

मी गेलो तेव्हा आई मिरच्यांच्या माळा खाली उतरवत होती. मी कोटही काढला नाही. म्हटलं, "आई, सारांद्याला फोन का केलास?"

तिनं माळ हळूच टेबलावर ठेवली. आढेवेढे घेईल, रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तू सारांद्यालाच आहेस ना?"

"नाही. तुला पकडायला खोटं सांगितलं."

"मग आहेस कुठं?" आणि तिच्या डोळ्यांत जी भीती आली, दादा, ती चोराची नव्हती. "कुठं खेळतोयस? पूर्ण वेळ खेळवतात का तुला? सांग ना रे!"

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. म्हटलं, गावोगाव माझी नाचक्की केलीस, लोक मला विकाऊ म्हणतात, पोरीला शाळेत चिडवतात. ती ऐकत राहिली. मग एक खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "बस. तुझ्या बापाबद्दल सांगते."

तुला हे तिनं एक्क्याण्णवमध्ये सांगितलं. मला आत्ता. बाबा खाणीत दगड पडून गेले नाहीत. उत्तरेतल्या त्या खाणीवर एक मेचा सामना होता, बोगदावाले विरुद्ध गोदामवाले. बाबा फॉरवर्ड. सामना संपत आला होता. चेंडू घेऊन एकटेच पुढं गेले, समोर कुणी नव्हतं, कुणी धक्का दिला नाही, आणि उभेच्या उभे कोसळले. चौतीस वर्षांचे होते. कागदावर अपघात लिहिला, पण शवपेटीबरोबर आलेल्या सोबत्यानं आईला खरं सांगितलं. त्याच्याआधी थोरले काका असेच गेले होते, नांगर धरलेला असताना, बत्तिसाव्या वर्षी.

"त्या घरातले पुरुष असेच जातात," आई म्हणाली. "तुम्ही दोघं चेंडूमागं पळायचात आणि मी आत पाठ करून उभी राहायचे. बघवायचं नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या दादाला सांगितलं की! त्यानं ऐकून घेतलं, बूट तिथं दाराशी ठेवले, आणि आठवड्याभरात घर सोडलं. माझ्यावर चिडला, बापावर चिडला, कुणास ठाऊक कुणावर. परत आला नाही. एका पोराला खरं सांगितलं आणि तो गेला. दुसऱ्यालाही सांगितलं असतं तर माझ्या घरात कोण उरलं असतं?"

म्हणून ती कोचकडे जायची. पहिल्या क्लबात स्वतः गेली होती. कुकसला तर व्हॅनमध्ये दिवसभर उलट्या करत गेली, अंजिराच्या मुरंब्याची बरणी घेऊन. म्हणायची, त्याचा बाप शेवटच्या अर्ध्या तासात गेला, माझ्या पोराला तेवढा अर्धा तास देऊ नका. आणि त्याला कळू देऊ नका. आता सांग, कोणता माणूस त्या बाईला नाही म्हणेल? काही जण साठाव्या मिनिटाला काढायचे. काही जणांना तेवढाही धीर व्हायचा नाही, ते सरळ घरी पाठवायचे. आणि मी त्यांच्या नजरेत संशय बघत होतो! ते मी मरतो की काय म्हणून बघत होते.

मिर्येताला हे काही माहीत नव्हतं. तिची ती कुजबुज माझ्यासाठी शाळेत खेळाच्या मास्तरची जागा मिळते का याची होती. पुकाचं खरं सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे मलाही पिंजरा लावलास?" आणि तेव्हापासून तिच्या बहिणीकडे आहे.

आता तुला विचारतो. तू कधी हृदय तपासून घेतलंस का? तिकडे इटलीत मोठी हॉस्पिटलं आहेत. की तेरा वर्षं नुसतं खेळणं टाळून घाबरत बसलास?

इल्बेर

तिराना, १२ फेब्रुवारी २००४

दादा,

आज डॉक्टरीण बाईंनी छातीवर गार चीक फासून पडद्यावर माझं हृदय दाखवलं. आधी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं होतं, घाम निथळेपर्यंत. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो. सवयच लागली आहे, लोक माझ्यापासून काय लपवतात ते शोधायची.

म्हटलं, "माझ्या आईचा फोन आला होता का तुम्हाला?"

"काय?"

"काही नाही. खरं काय ते सांगा."

"खरंच सांगतेय. भिंती जाड नाहीत, झडपा चांगल्या. असं हृदय मला द्याल तर मी घेईन."

पुन्हा बघायला लावलं. त्यांनी पुन्हा बघितलं, न चिडता. मग बाबांचं आणि काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हृदयाची भिंत जाड होण्याचा हा आजार बापाकडून येतो, पण प्रत्येक पोराला येतोच असं नाही. एकाला येतो, एकाला येत नाही. "तुम्हाला भाऊ आहे का?"

दादा, बाहेर पडलो आणि समोरच्या बाकावर बसलो. आनंदानं नाचायला हवं होतं. त्याऐवजी कुकसचा तो सामना आठवला, दोन गोल मारून बाहेर आलो होतो आणि राष्ट्रीय संघाचा माणूस स्टँडमध्ये माझ्यासाठी आला होता. शेवटची वीस मिनिटं कोण कसा खेळतो ते बघायला. ती वीस मिनिटं मी टॉवेल गुंडाळून बसलो होतो, धडधाकट.

आईला फोन केला. म्हणाली, "डॉक्टर काय, कुणीही काहीही सांगतं." विश्वास नाही. चीड यायला हवी, पण आली नाही. मीही त्या बाईंना दोनदा बघायला लावलंच की.

माझं झालं. आता तुझं. मागच्या पत्रात टोचून लिहिलं, ते सोड. नुसता जाऊन ये. नसशील गेलास तर दर रविवारी घरच्या फोनपाशी मी बसेन आणि तुझा फोन आला की हेच बोलेन.

इल्बेर

पोग्राडेत्स, १७ मे २००४

दादा,

तुझा आवाज तेरा वर्षांत बदललाय. त्या दिवशी फोनवर "मी बोलतोय" म्हणालास तेव्हा मी "कोण?" विचारलं.

तू बोललास ते मी आईला जसंच्या तसं सांगितलं. की बांधकामावर परांचीवरून दोनदा पडलास आणि दोन्ही वेळा पाय घसरला म्हणालास, पण पाय घसरला नव्हता, डोळ्यांपुढं अंधार आला होता. की डॉक्टरनं पडद्यावर बोट ठेवून जाड झालेली भिंत दाखवली. की गळ्याच्या हाडाखाली आता डबीएवढं यंत्र बसवलंय, हृदय अडलं तर धक्का देणारं. आणि की डॉक्टरनं विचारलं, तरुणपणी खेळायचात का, आणि तू म्हणालास सोडलं, तर तो म्हणाला, सोडलंत म्हणून समोर बसला आहात.

आईनं ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "एकाचं वाचवलं आणि एकाचं नासवलं, नाही का रे?" मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "हो. पण आजार कुणात आहे ते तुला कसं कळणार होतं?" तिनं मान हलवली. एवढंच आमचं भांडण, आणि एवढाच समेट.

मिर्येता मार्चमध्येच परत आली. म्हणाली, तुला माफ केलेलं नाही, पण बहिणीचा नवरा घोरतो.

आता कालचं ऐक. सीझनचा शेवटचा सामना होता, आणि बहुतेक माझाही. सप्टेंबरपासून शाळेत मास्तर होतोय. आमच्या कोचला, वांजेलना, मी तिरानाहून परतल्या दिवशीच सगळं सांगून टाकलं होतं, तिथला रिपोर्टही दाखवला होता. काल म्हणाले, "पूर्ण खेळ. मोडलास तरी काढणार नाही." आणि आई आली होती. मिर्येता आणि योनिदाच्या मधोमध बसली, कोट घालून, मेच्या उन्हात. आयुष्यातला तिचा पहिला सामना.

साठावं मिनिट आलं. मी सवयीनं रेषेकडे बघितलं. पाटी नव्हती. त्यानंतरचा खेळ म्हणजे परका मुलूख, दादा. पायांना ती वाटच ठाऊक नाही. पंच्याहत्तरनंतर जांघा दगडासारख्या झाल्या. तरी एक चेंडू मोकळा सुटला. मी घेऊन निघालो. एकटा, समोर फक्त गोलकीपर. आणि पिंढरीत असा गोळा आला की मी धाडकन पडलो.

स्टेडियम गप्प झालं. ज्यांना काही माहीत नव्हतं तेही गप्प झाले, कारण स्टँडमधून एक म्हातारी किंचाळत खाली येत होती. कठड्याखालून वाकून ती मैदानात शिरली. पोलीस मागून, "आजी, आजी!" करत. मी पाय धरून ओरडतोय, "आई, पिंढरी आहे! नुसती पिंढरी धरलीय!" तिला कुठलं ऐकू येतंय. गुडघ्यांवर बसली आणि आधी मला एक थोबाडीत दिली.

मग तिनं माझ्या छातीला कान लावला.

रेफरी धावत आला, शिट्टी वाजवत, घड्याळाकडे बोट दाखवत. आईनं मान न उचलता त्याला हातानं गप्प केलं. "थांब रे जरा, ऐकू दे." आणि तो थांबला. सगळेच थांबले. माझं हृदय धावून धावून ढोलासारखं वाजत होतं, ते तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग उठली, कोटाला लागलेलं गवत झटकलं आणि पोलिसाचा हात धरून परत जाऊन बसली.

गोल नाही झाला. सामना बरोबरीत सुटला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मी लंगडत होतो, पण मैदानात होतो.

शनिवारी तुझी बोट दुर्रेसला लागेल तेव्हा आम्ही चौघं धक्क्यावर असू. आई तुझ्याही छातीला कान लावणार आहे, तिथंच, सगळ्या प्रवाशांसमोर. लाजू नकोस. उभा राहा.

इल्बेर